ईस्मे टेलस्फर्ड, ऊर्फ

"काय गं ए, काल रात्री आपण एकाच बिछान्यात झोपलो होतो वाटतं?"

हा प्रश्न मागच्या बाकावरून थेट माझ्या मानेवर आला, आणि तो मलाच आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. गेल्या तीस वर्षांत मला कोणी 'काय गं ए' म्हटलं नव्हतं. मी आमच्या ग्वाव्ह गावच्या थांब्यावर बसमध्ये चढले होते, खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून खूश होते, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि डोक्यात अकरा वाजता मंत्रालयात ऑर्व्हिल रेडहेडला सांगायचं वाक्य घोळत होतं. 'विचार केला, ऑर्व्हिल. जाते मी.' की 'जाते मी, ऑर्व्हिल. विचार केला.'? एवढंच ठरायचं राहिलं होतं. त्या नादात मी असं काही केलं होतं की ग्रेनाडात झिंगलेला माणूसही करत नाही. आठ-दहा जिवंत माणसं बसली होती, आणि मी कोनफळांच्या पोत्यांजवळून जावं तशी त्यांच्याजवळून गेले होते. गुड मॉर्निंग म्हटलं नव्हतं. दुकान असो, दवाखाना असो, बस असो, माणसं आहेत तिथे पाऊल टाकलं की आधी गुड मॉर्निंग, मग बाकीचं सगळं. सूट फक्त एकाच बिछान्यातून उठलेल्यांना, कारण त्यांचं आधीच म्हणून झालेलं असतं. म्हणून तो प्रश्न. लहानपणी मी तो कितीदा तरी ऐकला होता, पण नेहमी दुसऱ्या कोणाला तरी विचारलेला.

मी वळून पाहिलं. मांडीवरच्या टोपलीत अळूच्या जुड्या, डोक्यावर पुरुषी फेल्ट हॅट, पुढचे दोन दात नाहीत, आणि डोळे असे की पोलीस ठाण्यात नुसतं नेऊन बसवलं तरी चोर आपणहून हजर होतील. "गुड मॉर्निंग," मी म्हटलं. माझ्या आवाजात सबंध ब्रसेल्स होतं, ते मलाच ऐकू आलं. "आता कसलं मॉर्निंग?" म्हातारी म्हणाली, "मॉर्निंग राहिलं मागे पुलावर." दाराशी उभा असलेला कंडक्टर ओशाळला. चाळिशीचा, पोट सुटलेला, भला माणूस. "क्लॅरिस टँटी, जाऊ दे ना. मॅडम आहेत त्या. अ‍ॅम्बॅसिडर." "मग? अ‍ॅम्बॅसिडरच्या तोंडाला सरकार कुलूप घालून देतं का?" बसमध्ये दबकं हसू पसरलं. पुढच्या बाकावरच्या जाड बाईंनी रुमालात तोंड खुपसलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाणउतारा झाला म्हणजे काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मोठमोठ्या देशांनी माझा तो मोठमोठ्या दालनांत केलेला आहे, आणि त्यावर चेहरा कसा ठेवायचा तेही मला येतं. पण हे काहीतरी निराळं होतं. पोटात कुठेतरी गुदगुल्या झाल्यासारखं वाटत होतं आणि हसूही येत होतं. हसावं की माफी मागावी ते न कळून मी समुद्राकडे तोंड केलं.

मॅडम. तीन आठवडे झाले मला निवृत्त होऊन घरी परत येऊन, आणि तीन आठवडे मी हाच शब्द खाते आहे. चर्चमध्ये मला पहिल्या बाकावर बसवतात, जिथे आमच्या घरातलं कोणी कधी बसलेलं नाही. घरासमोर हिलरॉयचं रमचं दुकान आहे. तिथे संध्याकाळी डॉमिनोच्या सोंगट्या फळीवर आपटत असतात, कोणीतरी कोणाची तरी लाज काढत असतं. मी फाटकाशी आले की सगळं बंद. सोंगट्या हातातल्या हातात राहतात. "गुड नाइट, मॅडम," सगळे एका सुरात, जशी शाळा तपासायला मी आले आहे. मी आत गेले, दार लागलं, की मग पुन्हा आवाज सुरू. आणि गेल्या शनिवारची गोष्ट तर सांगायलाच नको, पण सांगतेच. माझा चुलतभाऊ रॅफियेल किनाऱ्यावर ऑइल डाउन करणार होता. मी विचारलं, "मी काय आणू?" आमच्याकडे ऑइल डाउन एकट्याचं नसतंच. एकाने नीरफणस आणायचा, एकाने नारळ, एकाने खारवलेली डुकराची शेपटी, एकाने अळू आणि हळद, आणि मग सगळ्यांनी पातेल्याभोवती उभं राहून कुठला थर कुठे यावरून भांडायचं. नारळाचं दूध आटून तळाशी तेल उतरेपर्यंत ते भांडण पुरवायचं. रॅफियेल म्हणाला, "छे छे, तुम्ही काही नका आणू. तुम्ही फक्त या." तुम्ही! मी त्याचं नाक पुसलेलं आहे. मी गेले तर माझ्यासाठी वाळूत टेबल मांडलं होतं. पांढरा टेबलक्लॉथ, उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड, काटा, सुरी. बाकीची मंडळी उपड्या होडीवर बसून, कोपरापर्यंत ओघळ येताहेत, बोटं चाटताहेत. मी उठून अळूचं एक पान हातात घेतलं, पातेल्यात घालावं म्हणून, तर रॅफियेलच्या सुनेने ते हळूच काढून घेतलं, "कपडे खराब होतील तुमचे." शेवटी मी ती शेपटी काट्या-सुरीने खाल्ली, एखाद्या राजासमोर परिचयपत्रं सादर करावीत तशी. समुद्र होता, वारा होता, सगळे माझेच होते, आणि मला रडू फुटेल असं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी ऑर्व्हिलचा फोन आला. रबातला नवी वकिलात उघडायची आहे, तीन वर्षं, तुमच्यासारखं माणूस नाही. घराच्या अंगणात संत्र्याची झाडं आहेत म्हणाला. मी म्हटलं, सोमवारी समोर येऊन सांगते. पण फोन ठेवतानाच माझं ठरलं होतं. परकं राहायचंच असेल तर त्याचा पगार तरी मिळावा.

बसने वळण घेतलं आणि सगळे एका बाजूला कलले. मीही कलले. शेजारच्या माणसाचा खांदा लागला, त्याने "सॉरी, मॅडम" म्हणून तो काढून घेतला. माझी आई एल्मा जायफळाच्या गोदामात होती. सकाळी त्या बायका ओळीने बसून जायफळं निवडायच्या, चांगली इकडे, भेगाळलेली तिकडे, आणि सगळ्यांच्या अंगाला तो वास, रविवारी चर्चमध्येसुद्धा. मी शाळेत जाता जाता तिचा डबा द्यायला जायची. एकदा अशीच काहीतरी पाठ करत, बहुधा सतराचा पाढा, आत शिरले आणि डबा तिच्यासमोर ठेवला. आईने डब्याकडे पाहिलं नाही. "बाहेर जा," ती म्हणाली, "आणि आत ये." मी बाहेर गेले. उंबऱ्यावर उभी राहिले. सगळं गोदाम माझ्याकडे बघत होतं. "गुड मॉर्निंग!" मी इतक्या जोरात ओरडले की छपरावरचं कबूतर उडालं. "गुड मॉर्निंग, टिमा!" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, आणि आईने डबा उघडला. टिमा म्हणजे छोटी आई. चार वर्षांची असल्यापासून मी दिसेल त्याच्यावर डाफरायची, म्हणून ते नाव पडलं, आणि पडलं ते असं की शाळेत हजेरी घेताना 'ईस्मे टेलस्फर्ड' म्हटलं की मी इकडेतिकडे बघायची, ही कोण मुलगी म्हणून.

नोकऱ्यांचं म्हणाल तर मी काय काय केलं हे आठवताना माझं मलाच हसू येतं. आधी शाळेत शिकवलं. मग रेडिओवर मयतांच्या बातम्या वाचल्या. हे काम आमच्याकडे पंतप्रधानांच्या भाषणापेक्षा मोठं. बातम्या संपल्या की सगळं बेट थांबतं, चुलीवरचं उकळू देतं, आणि ऐकतं. तिथे मला पहिल्याच आठवड्यात कळलं की त्या सगळ्या मजकुरात खरा शब्द एकच, ऊर्फ. 'जोसेफ ऑगस्टस पर्सेल यांचं निधन झालं' म्हटलं तर कोणी ढिम्म हलत नाही. कोण हा पर्सेल? पण 'ऊर्फ खेकडा' म्हटलं की घराघरातून हाय निघते, अरे देवा, खेकडा गेला! बाप्तिस्म्याचं नाव कागदांसाठी, रडण्यासाठी ऊर्फ. मी ऊर्फच्या आधी किंचित थांबायची, लोकांना तयार होऊ द्यायला. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ते ऐकायचे म्हणे. "ही बाई मेलेल्यांची नावं इतक्या अदबीने घेते, तर जिवंतांची किती घेईल," असं म्हणून त्यांनी मला खात्यात ओढलं. मग ब्रसेल्सला केळ्यांच्या वाटाघाटी. मग काराकास, जिथे मी गालाला गाल लावायला आणि एक तास उशिरा जायला शिकले. परदेशी तुरुंगातल्या खलाशांना सोडवलं, विद्यार्थ्यांना जेवायला घातलं, एकदा तर हरवलेला ढोल शोधून देण्यासाठी एका नगरपालिकेशी तीन महिने पत्रव्यवहार केला. संसार असा झाला नाही. तो बॅगा भरण्यातच होऊन गेला. आणि सगळीकडे कामाला आलं ते आईचंच. ब्रसेल्सला ते अध्यक्ष खाली मान घालून कार्यक्रमपत्रिका वाचत सुटायचे, आमची पाळी आली की चष्माही वर न करता म्हणायचे, बोला. मी म्हटलं, "अध्यक्ष महाराज, गुड मॉर्निंग," आणि थांबले. रेडिओवर थांबायची तशी. खोलीत खुर्च्या करकरल्या. शेवटी त्यांनी चष्मा काढला, मान वर केली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, गुड मॉर्निंग. एकदा तोंडाकडे पाहून गुड मॉर्निंग म्हटलेल्या माणसाला मग ऐकून घ्यावंच लागतं. इतर बेटांचे प्रतिनिधी त्याला 'टेलस्फर्डबाईंची पूर्वअट' म्हणायला लागले.

न्यूयॉर्कला मात्र याच संस्काराने माझी फजिती केली. पहिलीच मेजवानी होती, थंडीचे दिवस, बाहेर अंधार. यजमानीणबाई दारात उभ्या. मी आत पाऊल टाकलं, छान हसले आणि आपल्याकडे अंधार पडल्यावर म्हणतात ते म्हणाले, "गुड नाइट!" बाईंचा चेहरा पडला. "इतक्यात?" त्या म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत एक माणूस धावत जाऊन माझा कोट घेऊन आला. मी तो घातलासुद्धा! सांगणार काय? आमच्याकडे गुड नाइट हा यायचा शब्द आहे आणि तुमच्याकडे जायचा, हे तिथे दारात कसं समजवायचं? मी खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिले, बर्फात, एकटी हसत. मग धीर करून परत वर गेले आणि त्यांच्या पद्धतीने आत शिरले. पण ते शिकले ते शिकलेच. दर देशात दारात काय म्हणायचं ते शिकत गेले, आणि एकेक शिकताना माझं जुनं कुठे गळत गेलं ते कळलं नाही. आई गेली तेव्हा मी न्यूयॉर्कमध्येच होते. रॅफियेलने फोन रेडिओजवळ धरला होता. 'एल्मा टेलस्फर्ड, ऊर्फ मा जायफळ, राजदूत हर एक्सलन्सी ईस्मे टेलस्फर्ड यांच्या मातोश्री.' आईला ऊर्फ होतं. माझ्यापुढे नव्हतं. फोन कानाला तसाच धरून मी वाट बघत राहिले, वाचणारी बाई पुढच्या मयताकडे गेली तरी.

"कोणाची रे ही?" मागून क्लॅरिस म्हातारी कंडक्टरला विचारत होती, मी बसमध्ये नाहीच असं धरून. "एल्माची," रुमालवाल्या जाड बाई म्हणाल्या, "मा जायफळची." मागे टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग एक हात माझ्या खांद्यावर पडला, अळूच्या चिकाने काळा झालेला. "म्हणजे तू टिमा?"

मी मान हलवली.

"मी एल्माच्या शेजारी बसायची गोदामात. ओळीत तिसरी. तू ओरडलीस आणि कबूतर उडालं, तेव्हा मी होते तिथे." म्हातारीचा हात खांद्यावरून हलला नाही. "एल्माची पोरगी, आणि बसमध्ये अशी मुक्याने शिरते! एल्मा असती तर तुला काय केलं असतं, सांग बघू?"

"बाहेर पाठवलं असतं," मी म्हटलं.

"मग?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती गंमत करत नव्हती, किंवा करत होती, मला अजून नक्की सांगता येत नाही. बासष्ट वर्षांची मी. अंगात करड्या रंगाचा सूट, गळ्यात मोत्यांचा सर, पायांत काराकासचे बूट. मी हात वर करून टपाला आतून दोन ठोके दिले. ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "मॅडम, इथे कुठे? इथे काहीच नाही." "थांबव रे," क्लॅरिस म्हणाली, "तिला काम आहे." बस थांबली. मी सगळ्यांचे गुडघे ओलांडत खाली उतरले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कड्यावर चढलेल्या बकऱ्या. क्षणभर मनात आलं, गेली बस तर? इथे उभी राहीन, आणि ऑर्व्हिलला सांगीन काय? पण बस घरघरत उभी होती आणि खिडक्यांतून सगळी डोकी बाहेर आली होती. मी जॅकेट खाली ओढलं, पायरीवर पाय ठेवला, वाकून आत शिरले, आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा घेऊन ओरडले, "गुड मॉर्निंग!"

"गुड मॉर्निंग, टिमा!" सगळी बस एकदम म्हणाली. मला ओळखत नव्हते तेसुद्धा, ड्रायव्हरसुद्धा. जाड बाई रुमाल सोडून मोकळ्याने हसायला लागल्या, कंडक्टर दारावर थापा मारायला लागला, आणि शेजारच्या त्या माणसाने सरकून जागा केली, या वेळी खांदा न काढता. ड्रायव्हर म्हणाला, "आता झालं का? की दुपारचंही उरकून घ्यायचं?" मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायलाही मी पर्स उघडली नाही.

राजधानीत, सेंट जॉर्जेसच्या बसतळावर उतरताना मी क्लॅरिसची टोपली धरली. ती तिने धरू दिली. "शनिवारी आमच्याकडे पातेलं चढणार आहे," ती म्हणाली, "वर झऱ्यापाशी. ये. आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस. दोन नीरफणस आण. भरलेले बघून आण, कोवळे आणलेस तर तुझ्याच डोक्यात फोडीन." आणि बाजाराकडे गेली, मागे वळून न बघता.

मंत्रालयात मी गुड मॉर्निंग म्हणतच आत शिरले, इतक्या मोठ्याने की दाराजवळच्या टेबलाशी बसलेल्या दोघींनी हातातले फोन खाली ठेवले. ऑर्व्हिल उठून उभा राहिला. याला टाय बांधायला मी शिकवलं. "या, या, मिस टेलस्फर्ड! मग? रबातला कळवू ना?" त्याने घराचे फोटो काढून ठेवले होते. संत्र्याची झाडं खरंच होती, फळांनी वाकलेली. मी ते फोटो बराच वेळ बघत बसले. खोटं कशाला बोलू, जीव तुटला. तिथलं काम मला येतं, डोळे मिटून येतं. इथे मला काय येतं? जायफळाची भेगसुद्धा मला आता ओळखता येणार नाही.

"ऑर्व्हिल," मी म्हटलं, "मला शनिवारी ऑइल डाउनला जायचंय."

"अहो, मी शनिवारचं नाही विचारत. तीन वर्षांचं विचारतोय."

"तेच सांगतेय. मला नीरफणस आणायला सांगितलंय."

त्याच्या तोंडावर हळूहळू हसू यायला लागलं. तोही किनाऱ्यावरचाच, सोतेअर गावचा, होडीवाल्यांचा मुलगा. "कोणी सांगितलं?" "आहे एक बाई. कोवळे आणले तर डोक्यात फोडणार आहे." "मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला, आणि फोटो गोळा केले. दारापर्यंत सोडायला आला. "मंत्र्यांना कारण काय सांगू, मिस टेलस्फर्ड?" "सांग, बाई कामात आहेत."

दिवसभर मी गावात उगाच हिंडले. परतीच्या बसमध्ये शिरताना म्हणायचं ते म्हणाले, सगळ्यांनी उत्तर दिलं, पण त्यात सकाळचं कोणी नव्हतं, आणि ग्वाव्ह जवळ येत चाललं तशी मी पुन्हा पर्सवर दोन्ही हात ठेवून बसले. सकाळचं ते बसपुरतंच असलं तर? बस गेली, हसू गेलं, आणि उद्यापासून पुन्हा टेबलक्लॉथ. रबातला तर नाही म्हणून बसले. आमच्याकडे सहा वाजले की अंधार झपकन पडतो. मी गल्ली चढले तेव्हा हिलरॉयच्या दुकानातला दिवा लागला होता, सोंगट्या आपटत होत्या, कोणीतरी कोणाची तरी लाज काढत होतं. मी नेहमीसारखी फाटकाकडे वळणार होते. वळले नाही. रस्ता ओलांडला आणि दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले. सगळं थांबलं. रॅफियेल होता, हिलरॉय होता, आणखी दोघं-तिघं. हातांत सोंगट्या, सगळे माझ्याकडे बघताहेत.

"गुड नाइट," मी म्हटलं.

"गुड नाइट," सगळे म्हणाले. आणि मग रॅफियेलने हातातली सोंगटी फळीवर दाणकन आपटली. "काय गं टिमा, म्हणे क्लॅरिसने तुला बसमधून खाली उतरवलं?" दुकान फुटल्यासारखं हसलं. बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. "उतरवलं नाही," मी म्हटलं, "मी उतरले." "ऐका, ऐका! अ‍ॅम्बॅसिडरबाई उतरल्या!" "आणि कबूतर उडालं का गं या वेळी?" हिलरॉयने विचारलं. "बकऱ्या होत्या," मी म्हटलं, "पळाल्या." कोणीतरी बाकावर सरकलं. "बस की मग," रॅफियेल म्हणाला, "दार अडवून काय उभी आहेस, वारा येऊ दे."

मी आत जाऊन बसले. कोणीही माझा कोट आणायला धावलं नाही.